दावं बदलेपर्यंत

मोबाईल नवेनवे आले तेव्हा थोरल्या मुलानं मलाही एक घेऊन दिला. दुकानदारानं एक कागद पुढं सरकवला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, हितं सही."

मी विचारलं, "काय लिहिलंय ह्यात?"

"ते कोण वाचत न्हाय वो."

"मग लिहिलंय कशाला?"

त्यानं पेनाचं टोपण काढून पेन पुढं धरलं. माझ्या मागं चष्मा लावलेला एक गृहस्थ उभा होता. म्हाताऱ्यामुळं खोळंबा होतोय म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता. त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं कागदाकडं ढुंकूनही न बघता सही ठोकली आणि गेला. ह्याला शिक्षण म्हणतात. काय कबूल केलं ते ठाऊक नाही, कुणाला कबूल केलं ते ठाऊक नाही, फक्त सही वळणदार.

मी चौथी नापास. सही येते, पण ती करायची वेळ आयुष्यात क्वचितच आली आणि त्याचा मला कमीपणा वाटत नाही. मंगळवार पेठेत आमच्या म्हशी आज्यापासूनच्या. सकाळ-संध्याकाळ त्या पेठेतून चालवत दुधाच्या कट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पेल्यात धार काढायची. गिऱ्हाईक मिशीला फेस लावून घरी जातं. कुणी कुणाला लिहून दिलेलं नाही. दुधात पाणी घालायला आम्हाला जागाच नाही आणि पैसे बुडवायला त्याला तोंड नाही, कारण उद्या सकाळी त्याच कट्ट्यावर यायचंय. ह्याच्यापुढं ज्याला स्टॅम्पपेपर लागतो, त्याचा एक तर समोरच्यावर भरवसा नाही, नाहीतर स्वतःवर नाही.

तर ही गोष्ट त्या कायदेवाल्यांची. नव्वद सालाच्या पुढची असेल. गडमुडशिंगीला एका लग्नाला गेलतो. जेवणं उरकल्यावर लग्नघराच्या शेजारच्या गोठ्यात सहज डोकावलो आणि तिथंच उभा राहिलो. पंढरपुरी म्हैस, शिंगं खांद्याच्या मागं तलवारीसारखी गेलेली, कातडी तेल लावल्यासारखी, दिवस भरत आलेली. असं जनावर बघितल्यावर माझा पाय निघत नाही, तसं बायको बघायला गेलो तेव्हाही झालं नव्हतं. हे तिला ठाऊक आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

गोठ्याचा मालक माझ्याच वयाचा शेतकरी. गुडघे गेलेले. दोन्ही मुलं कारखान्यात नोकरीला, शेणात हात घालायला कुणी तयार नाही. म्हणाला, "पावणं, लई जीव हाय माझा हिच्यात. पर वैरण आणायला आता पाय चालत न्हाईत."

मी खांद्यावरचा टॉवेल काढला.

जनावराचा सौदा कसा होतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि त्याच्या खाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. तोंडानं गप्पा भलत्याच, पावसाच्या नाहीतर तालमीच्या. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा त्या दोघांपुरताच. हात सोडला की भाव तुटला. पंजा घट्ट धरला की ठरला. मग इसार द्यायचा, म्हणजे थोडी रक्कम आगाऊ. आणि सगळ्यात शेवटी दावं. विकणारा आपलं दावं जनावराबरोबर कधी देत नाही, दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. ह्यानं आपलं सोडायचं, त्यानं आपलं बांधायचं. त्या घडीला जनावर ह्याचं त्याचं होतं, आधी नाही. माझ्या बापानं एकदा इसार दिलेली म्हैस दावं बदलायच्या आधी पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. तो शेतकरी दुसऱ्या दिवशी इसार घेऊन आमच्या दारात आला, बापाच्या हातावर ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. कोर्ट नाही, कचेरी नाही. ज्याचं दावं, त्याचं जनावर.

आमचा पंजा धरला गेला. इसार मी खिशातून काढून दिला. पण लग्नाला आलेल्या माणसाजवळ दावं कुठलं असणार? शेतकरी म्हणाला, "दुकानातनं नवीन आणू की. नायलॉनचं चांगलं मिळतंय."

आमच्या गोठ्यात नायलॉनचं दावं नाही. घायपाताचा वाक, म्हणजे धागा, काढून दावं मी स्वतःच्या हातानं वळतो आणि तेच माझ्या म्हशीच्या गळ्यात असतं. नायलॉन मान कापतं, आणि दिसतं तरी कसं, धुणं वाळत घालायच्या दोरीसारखं. मी म्हणालो, "दसऱ्याच्या मुहूर्तावर माझं दावं घेऊन येतो. तवर तुमच्याकडंच असू द्या." तो व्हय म्हणाला. त्यावर आज कुणी मला शहाणपण शिकवू नये. परत तशी वेळ आली तर मी परत तेच करीन.

दसऱ्याच्या आधीच म्हैस व्याली. रेडी झाली.

हे मला दुधाच्या गाडीवाल्याकडून कळलं आणि त्या दिवशी मी कट्ट्यावर ओळखीच्या सगळ्यांना फुकट दूध पाजलं. कारण आमच्या गोठ्यात बरीच वर्षं नुसते रेडेच होत होते. रेडी नाही म्हणजे पुढं म्हैस नाही. मी गेल्यावर दावणीला काय राहणार, रिकामे खुंटे? आता त्या शिंगांची, त्या अंगाची रेडी माझ्या दावणीला येणार होती. गाभण म्हैस घेतली म्हणजे पोटासकट घेतली, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे असं मला वाटत होतं.

दसऱ्याला नवं दावं, हळदकुंकू आणि नारळ घेऊन गडमुडशिंगीला पोचलो. शेतकरी खुर्चीवर बसलेला. उठला नाही. शेजारी पांढऱ्या शर्टातला एक तरुण माणूस, केस चापून बसवलेले. तो त्याचा जावई. नुकताच वकील झालेला.

"पावणं, बसा. च्या घ्या," शेतकरी म्हणाला, पण माझ्याकडं न बघता.

"दावं बदलू आन मग घेऊ च्या."

जावई खाकरला. "काका, थोडं बोलायचं होतं. करार म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

"तूच सांग की. कोट शिवलायस न्हवं?"

त्यानं सांगितलं. बोटांवर मोजत मोजत, शाळेत पाढे म्हणतात तसं. "आधी एका पक्षाचा प्रस्ताव लागतो. मग दुसऱ्या पक्षाचा स्वीकार."

"मी बोट दाबलं त्यो प्रस्ताव. त्यांनी पंजा धरला त्यो स्वीकार. फुडं."

"मोबदला लागतो."

"इसार तुझ्या सासऱ्याच्या कोपरीच्या खिशात गेला. फुडं."

"दोन्ही पक्ष सक्षम पाहिजेत. सज्ञान आणि शुद्धीवर."

मी शेतकऱ्याकडं वळलो. "पावणं, शुद्धीवर होता का न्हाय त्या दिवशी? सांगा जावईबापूला." शेतकरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला.

"आणि मुक्त संमती," जावई म्हणाला. "मामांवर दबाव आला होता का, तेही पाहावं लागेल."

"आलता की. त्यांनी माझी बोटं दाबली आन मी त्यांची. ज्याची जास्त दुखली त्यानं अर्ज करावा."

आत दारामागं शेतकऱ्याची बायको हसली. मला ऐकू आलं. जावयालाही आलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम चढला. "काका, थट्टा सोडा. लेखी काही नाही, साक्षीदार कुणी नाही. करार झाला हे तुम्ही सिद्ध कसं करणार? आणि झाला असं धरलं, तरी तो म्हशीचा झाला. टॉवेलखाली रेडी होती का?"

"पोटात हुती."

"पोटातल्याची बोली झाली होती का?"

बोली झाली नव्हती. सूर्य उगवणार का, ह्याचीही झाली नव्हती. पण वकील माणसाला हे सांगून उपयोग नसतो. त्यांचा धंदाच न बोललेल्या गोष्टींवर चालतो.

मग शेतकरी स्वतः बोलला. "पावणं, म्हैस न्या. रेडी तेवढी ऱ्हाऊ द्या. हिच्या वंशाला रेडीच टिकंना आमच्याकडं. म्हातारी रोज तिच्याजवळ बसती."

"मंजूर नसेल तर करारच नव्हता असं समजू," जावई म्हणाला. "इसार परत घ्या."

मी चहा घेतला नाही, इसारही परत घेतला नाही. नारळ तिथंच ओट्यावर ठेवला, कारण देवाचा नारळ माघारी आणत नाहीत, आणि दावं खांद्यावर टाकून चालत सुटलो. सणाच्या दिवशी खांद्यावर दावं आणि मागं म्हैस नाही, हे चित्र अख्ख्या पेठेनं बघितलं. घरात पाऊल टाकतोय तोवर बायको म्हणाली, "दावं फिरवून आणलंसा व्हय? बरं केलं. गावाची हवा लागली असंल त्याला."

मी जेवलो नाही. ती म्हणाली, "जेवू नका. म्हैस तेवढ्यानं चालत येती का बघू."

आमच्या कट्ट्यावर रोज सकाळी एक मोठे वकील यायचे. मोठे म्हणजे वयानं आणि पोटानंही. पेला स्वतःचा आणायचे, पितळेचा. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी दूध संपवलं. मग फेस पुसून म्हणाले, "त्या पोराला परीक्षेत कुणी पास केलं? तोंडी करारसुद्धा करारच असतो. म्हैस ठरली, भाव ठरला, इसार दिला. म्हैस त्या दिवशीच तुमची झाली. ती त्याच्या गोठ्यात नुसती सांभाळायला होती."

"आन रेडी?"

"उद्या सांगतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच काखेत एक जाडजूड पुस्तक मारून आले. करारांचा कायदा. इंग्रज राणीच्या वेळचा. पान उघडून त्यांनी मला मराठीत समजावलं. एकानं आपली गाय दुसऱ्याकडं सांभाळायला ठेवली. तिथं तिला वासरू झालं. सांभाळणाऱ्यानं गायीबरोबर वासरूही मालकाला द्यायचं. असं अगदी दाखल्यासकट छापलेलं होतं.

मला आश्चर्य वाटलं हे खोटं का सांगू. एवढ्या जाड पुस्तकात कुणाला तरी एकदा गोठा आठवला. पण मी विचारलं, "ह्यात गाय हाय. म्हशीचं काय?"

"गाय काय आणि म्हैस काय, कायद्याला एकच."

कायद्याला गाय आणि म्हैस एकच. ह्या एका वाक्यावरून कायद्याची पारख करावी. म्हशीचं दूध पीत पीत हे बोलले ते.

त्या दिवशी कट्ट्यावर गर्दी कमी होती आणि वकीलसाहेबांना उत्साह आला होता. दारूच्या धुंदीत केलेला करार टिकत नाही, धमकावून करून घेतलेला टिकत नाही, पैजेचा पैसा कोर्टातून वसूल होत नाही, असं ते सांगत गेले. मी ऐकत होतो. ह्यातलं नवीन काय? आमच्या तालमीतला एकजण दारू पिऊन आपली मोटारसायकल विकून बसला होता. सकाळी घेणाऱ्यानंच ती त्याच्या दारात आणून लावली, आणि किल्ली देताना एक कानफटात दिली. निकाल आणि शिक्षा एकदमच. आणि पैज हरलेला माणूस पैसे देत नसेल तर त्याला कोर्टात कशाला न्यायचा? त्याला पेठेत कुणी विडी पेटवायला काडी देत नाही. हे सगळं ज्यांना घरी शिकवलेलं नसतं, त्यांच्यासाठी ते पुस्तक काढलेलं दिसतं.

"तर दावा लावू," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्याकडून जिंकण्यासारखी केस आहे. फक्त एक सांगा. म्हैस न्यायची दसऱ्याला, असं का ठरलं? त्याच दिवशी का नेली नाही?"

"माझं दावं नव्हतं जवळ."

"म्हणजे?"

मग मी त्यांना दाव्याची रीत सांगितली. सांगता सांगता माझ्या बापाची ती पान लागलेली म्हैस सांगितली, दारात येऊन इसार देऊन गेलेला शेतकरी सांगितला. आणि मधेच थांबलो. कारण जे मी सांगत होतो ते माझ्याच कानात शिरलं होतं.

वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं. हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमच्या दोघांच्याही मनात, दावं बदलेपर्यंत म्हैस त्याचीच?"

"व्हय."

"आणि रेडी झाली तेव्हा दावं त्याचं?"

"व्हय."

"हे त्या जावयाला माहीत आहे?"

"त्याला दावं आन चड्डीची नाडी ह्यातला फरक म्हाईत नसंल."

"मग तुम्हीही विसरा," ते म्हणाले. "कोर्टात कुणी विचारलंच तर सांगायचं, अशी काही रीत मला माहीत नाही. खोटं बोला म्हणत नाही मी. नुसतं बोलू नका. रेडी तुमची."

मी त्यांचा पितळी पेला विसळून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "साहेब, तुमचं पुस्तक घरी न्या."

लोक मला हट्टी म्हणतात ते ह्यासाठीच. पण हिशेब बघा. जन्मभर मी कट्ट्यावर बसून सांगितलं की आमची रीत पक्की, तुमचा कागद कच्चा. रीत माझ्या फायद्याची होती तोवर मिशीला पीळ दिला. आणि एक रेडी आडवी आली तर तीच रीत मला माहीत नाही म्हणू? बापाच्या हातावर इसार ठेवणाऱ्या त्या शेतकऱ्याला काय वेड लागलं होतं? रेडी पाहिजे होती. फार पाहिजे होती. पण ती दावणीला बांधून रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघायचं म्हणजे मला माझं तोंड कुठं ठेवावं लागलं असतं?

परत गडमुडशिंगी. परत दावं खांद्यावर. जावई आजही होता. वकिली नवी असली की दिवस मोकळे असतात.

मी उभ्यानंच बोललो. "पावणं, रेडी तुमची हाय. का तुमची हाय ते तुमच्या वकिलाला ठाऊक न्हाय, म्हणून मी सांगतो. तिच्या आईच्या गळ्यात त्या दिवशी दावं तुमचं हुतं. एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही जिंकलासा. बाकी ह्यानं जी प्रस्तावाची आन मोबदल्याची कीर्तनं केली ती सगळी वाया."

जावई म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही हक्क सोडताय? मग तसं लिहून..."

"गप ऱ्हावा वो जावईबापू," शेतकऱ्याची बायको आतून बाहेर येत म्हणाली. जावयाला तिनं असं पहिल्यांदाच म्हटलं असावं.

शेतकरी मोठ्या कष्टानं खुर्चीवरून उठला. "पावणं, दाव्याचं मला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "पर गाभण म्हशीवर पंजा धरायचा आन रेडी मागं ठेवायची, हे माझ्या तोंडानं बोलायची लाज वाटली. म्हणून ह्येला बोलाय बसवला."

वकिलाचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. जे बोलायची आपल्याला लाज वाटते ते बोलायला त्याला ठेवायचं.

उरलेले पैसे मी दिले. त्यानं आपलं दावं सोडलं, मी माझं बांधलं. म्हशीला घेऊन उचगावावरून घरी आलो. सगळ्या वाटेनं ती थांबत होती, मागं वळून ओरडत होती. गडमुडशिंगीकडून रेडीचा आवाज बराच वेळ येत होता. नंतर तो येत नव्हता, तरी म्हशीला येत असावा.

म्हैस पान्हवेना. पान्हवणं म्हणजे दूध सोडणं. रेडकू लुचल्याशिवाय नव्या घरात नवी म्हैस सहसा सोडत नाही. कास दगडासारखी झाली. सरकी ठेवली, गूळ चारला, पाठ खाजवली, बायकोनं ओव्या म्हणून बघितल्या. मला बघून ती पान्हा चोरायची, बायकोला बघून तोंड फिरवायची. कट्ट्यावर एकजण म्हणाला, "इंजेक्शन मारा, मिनिटात सोडंल." त्याला मी दुसऱ्या कट्ट्यावर जायला सांगितलं. जनावराच्या मनात नसताना सुई टोचून दूध काढायचं, ह्याला त्या जाड पुस्तकात काय म्हणतात कुणास ठाऊक. मुक्त संमती नक्कीच म्हणत नसतील.

संध्याकाळी बसून बसून मी घायपाताचा वाक वळत होतो. बायको म्हणाली, "केवढंसं दावं ते. शेळी आणताय का?" मी पीळ देत राहिलो. हाताला चाळा.

मग एका सकाळी, ऐन गर्दीत, कट्ट्यासमोर टेंपो येऊन थांबला. पुढं शेतकरी बसलेला, मागं पोत्यावर रेडी. टेंपोच्या पाठोपाठ स्कूटरवर जावई. रेडीचा आवाज आला आणि बाकीच्यांबरोबर कट्ट्यावर आणलेल्या त्या नव्या म्हशीनं असा हंबरडा फोडला की गिऱ्हाइकाच्या हातातला पेला हिंदकळला.

शेतकरी खाली उतरला. रेडीच्या गळ्यात त्याचं दावं, नायलॉनचं, हिरवं. म्हणाला, "शेजाऱ्याच्या म्हशीला लावून बघितली, लुचंना. बाटलीनं पाजतोय तर ढाळ लागला. म्हातारी म्हणाली, रेडी आपली असली तरी आई त्यांच्याकडं हाय. न्या पावणं."

"न्या म्हंजे?"

"न्या म्हंजे न्या. काय द्यायला नको."

"मी भिकारी दिसलो व्हय तुम्हाला? फुकट जनावर माझ्या गोठ्यात आजवर आलं न्हाय."

जावई स्कूटर लावून पुढं आला. कट्ट्यावर एवढी माणसं बघून त्याला कोर्ट आठवलं असावं. "काका, मोबदल्याशिवाय करार होत नाही हे खरंय. पण आपण बक्षीसपत्र करू शकतो. मी मसुदा..."

आमचे मोठे वकील पितळी पेला हातात धरून बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "जनावराचं बक्षीस द्यायला कागद लागत नाही, बाळ. नुसतं हातात दिलं तरी पुरतं." मग दोघांची तिथंच जुंपली. कलम अमुक आणि कलम तमुक. एकाच पुस्तकात शिकलेली दोन माणसं, आणि एका रेडीवर एकमत नाही. रेडी टेंपोत ओरडतेय, म्हैस कट्ट्यावर ओरडतेय, आणि हे दोघं मधे उभे राहून तिसराच आवाज काढतायत.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. शेतकऱ्यानं हात पुढं केला. टॉवेलखाली त्याचा हात माझ्या हातात आला तो नुसता तळवा. एकही बोट दाबलं नाही त्यानं. बराच वेळ तसाच ठेवला. वयानं आणि कामानं खरबरीत झालेला हात, माझ्यासारखाच. मी म्हणालो, "यंदा पाऊस बरा झाला." तो म्हणाला, "व्हय, बरा झाला." तरी बोट नाही. त्याचं घोडं अडलेलं आणि माझंही.

मग मी त्याचं एक बोट धरलं आणि दाबलं. तो हात सोडवायला लागला. मी सोडला नाही. परत दाबलं. दोन हट्टी म्हातारे भर चौकात टॉवेलखाली कुस्ती खेळत होते आणि लोकांना वाटत होतं भाव चाललाय. शेवटी त्यानं पंजा धरला. घट्ट.

भाव काय ठरला ते मी लिहिणार नाही. टॉवेलखालचं टॉवेलखाली. फुकट घेतली नाही आणि त्यानंही लुटलं नाही, एवढंच पुरे. दावं तेवढं जवळ नव्हतं असं मला वाटलं, तोवर बायको वळणावरून येताना दिसली. टेंपोबद्दल कुणीतरी तिला सांगितलं असणार. हातात मी वळलेलं ते केवढंसं दावं. आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "घ्या. शेळीचं."

रेडीला टेंपोतून उतरवून म्हशीजवळ आणलं. शेतकऱ्यानं हिरवं नायलॉन सोडलं, गुंडाळलं आणि कोपरीच्या खिशात ठेवलं. मी माझं बांधलं. हात काढायच्या आत रेडीनं झडप घालून सड तोंडात घेतला, आणि म्हशीनं पाठ वाकवून दूध सोडलं. सगळ्या सडांतून एकदमच. खाली फरशीवर पांढरं सांडायला लागलं.

वकीलसाहेबांनी पेला पुढं केला. मी म्हणालो, "थांबा. आधी ती."

जावई माझ्या कानाशी आला. "काका, कितीला ठरलं? रेकॉर्डसाठी विचारतो."

मी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि रेडीचं पोट भरायची वाट बघत बसलो.